टेंभेकर सर आणि केळीचा डाग

केळीच्या चिकाचा डाग धुऊन जात नाही, हे आमच्या दापोऱ्यात लहान पोरालाही कुणी सांगावं लागत नाही. म्हणून घरात प्रत्येकाचा एक जोड फक्त केळीच्या कामाचा असे. मळ्यातून आलं की तो ओसरीच्या खुंटीवर अडकवायचा, आणि पाहुणा येताना दिसला की आई आधी ते कपडे उचलून आत टाकायची. मी शाळेसाठी बुऱ्हाणपूरला मावशीकडे राहायला आले तेव्हा माझ्या दोन परकरांपैकी एकावर असा तळहाताएवढा डाग होता. तो परकर नेसायचा दिवस आला की मी बाकावर घडी आत दुमडून बसायची.

टेंभेकर सरांचा पहिला तास नेमका त्याच दिवशी आला.

वर्गात आम्ही विज्ञानाचे सात जण, त्यात दोन मुली. सर आत आले, कुणाचं नाव विचारलं नाही, हजेरी घेतली नाही. पहिल्या बाकाजवळ थांबून माझ्या परकराकडे पाहत म्हणाले, "हा डाग केळीचा ना?"

मी मान खाली घातली.

"लाजू नका. मला सांगा, चीक निघतो तेव्हा कोणत्या रंगाचा असतो?"

"पाण्यासारखा, सर."

"मग हा तपकिरी रंग आला कुठून?"

जन्मापासून मी तो डाग पाहत होते. पण हा प्रश्न मला पडला नव्हता, माझ्या वडिलांना, आबांना, पडला नव्हता, गावात कुणालाच पडला नव्हता. मागून रशीद म्हणाला, "उन्हाने, सर." त्याच्या घरी माग होते, कापडाचं त्याला जास्त कळतं असं आम्ही मानायचो.

"सावलीत डाग पडत नाही?"

"पडतो," मी म्हटलं.

"मग उन्हाने नाही. उद्या केळीच्या खांबाचा एक सोप सोलून घेऊन या. कोवळा, आतला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातल्या चाकूने त्या सोपाचे दोन तुकडे केले. एक उकळत्या पाण्यात बुडवून काढला, एक तसाच. दोन्ही बशीत ठेवले. आम्ही फळ्याकडे वळलो तर म्हणाले, "कुठे पाहताय? थांबा. हवा लागू द्या."

हे त्यांचं कायमचं वाक्य. पाव तास आम्ही सात जण एका बशीकडे पाहत बसलो. कच्चा तुकडा आधी पिवळसर, मग चहासारखा झाला. उकळलेला पांढराच राहिला. मग त्यांनी सांगितलं की झाडाच्या अंगात फिनॉल नावाची द्रव्यं असतात, आणि त्यांच्यापासून वेगळ्या कप्प्यात एन्झाइम असतात. कापलं की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते, हवेतला प्राणवायू मिळतो आणि एन्झाइम फिनॉलचे तुकडे एकमेकांना जोडू लागतो. तोच तपकिरी रंग. उकळलं की एन्झाइम कामातून जातो. "द्रव्य आहे, हवा आहे, पण कारागीरच गेला. आता कोण काम करणार?"

त्या संध्याकाळी मावशीने परकर टाकून देऊ का विचारलं. मी नको म्हटलं.

सर उंच होते, थोडे वाकलेले. अंगात बारा महिने खाकी कोट. तो कोट एका संस्थानाच्या जंगलखात्याचा होता. तिथे ते चौदा वर्षं लाकडाची तपासणी करत: कोणतं लाकूड किती टिकतं, कोणत्याला वाळवी लागत नाही आणि का. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांची छोटी प्रयोगशाळा बंद पडली, वह्या गठ्ठ्यांत बांधून कुठल्याशा दप्तरखान्यात गेल्या. कोटाची पितळी बटणं त्यांनी काढून टाकली होती आणि साधी शिंपल्याची लावली होती, पण सगळ्यात वरचं एक बटण, राजचिन्हाचं, तसंच होतं. कुणी विचारलं तर म्हणत, "एक राहू दिलं. गळा झाकायला बरं पडतं." राजाबद्दल मी त्यांच्या तोंडून चांगलं ऐकलं नाही आणि वाईटही ऐकलं नाही. वह्यांबद्दल मात्र ऐकलं. "बाहेर नवा देश उभा राहतो आहे, तेव्हा माझ्या वह्या शोधायला कुणाला वेळ असणार," असं म्हणत, आणि लगेच दुसरं काही बोलायला लागत.

कोट आणि नोकरीचा दाखला सोडला तर तिथून त्यांनी आणली होती फक्त तपकिरी काचेची एक बाटली. बाटलीतल्या औषधाचा थेंब आणि वर तीव्र आम्लाचा थेंब टाकला की लाकूड लाल होई. लाकडाला टणक करणाऱ्या लिग्निन नावाच्या द्रव्याची ती खूण.

लिग्निन हा त्यांचा जिवाचा विषय. ते म्हणायचे, "गवतातून झाड कसं झालं हे विचारलं तर उत्तर एवढंच, झाड लिग्निन करायला शिकलं." पेशी आत फिनॉलचे बारीक तुकडे तयार करते, बाहेर भिंतीत पाठवते, आणि तिथे एन्झाइम ते एकमेकांत गुंफतात. भिंत टणक होते. रशीदने विचारलं, "म्हणजे विणल्यासारखं?"

सरांनी त्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाले, "नाही. तुमचे वडील विणतात त्यात उभा धागा, आडवा धागा, शिस्त असते. हे गोधडी शिवल्यासारखं आहे. हाताला येईल तो तुकडा, मिळेल तिथे टाका. पण शंभर वर्षं उसवत नाही."

"मग कोणता एन्झाइम शिवतो?" मी विचारलं.

सर फळ्याकडे गेले. फळ्याचा डावा कोपरा त्यांनी खडूची रेघ ओढून वेगळा केला होता आणि तो पुसायला बंदी होती. वर मथळा होता: माहीत नाही. त्याखाली त्यांनी लिहिलं, 'लिग्निन नक्की कोण शिवतो? एक की अनेक?' म्हणाले, "मोठमोठ्या देशांत यावर वाद चालू आहे. तुम्ही बरोबर जागी हात घातलात."

इतिहासाचे मास्तर त्याच फळ्यावर शिकवायचे. त्यांना सनावळ्या लिहायला जागा पुरेना. ते कुरकुरले, "टेंभेकर, मुलांपुढे आपलं अज्ञान टांगून ठेवायचं म्हणजे कमाल आहे." सर म्हणाले, "तुमच्या विषयातलंही एखादं द्या, खाली जागा आहे."

लाकूड दिसलं की बोटांच्या पेरांनी ठोकून पाहणं, ही त्यांची दुसरी सवय. दार, बाक, बैलगाडी, मावशीचा पाट, काहीही. नंतर चाकूने कडेचा एक कपचा काढायचा आणि वास घ्यायचा. मावशीने पाट लपवून ठेवायला सुरुवात केली होती. एका रविवारी ते आम्हा सातही जणांना नदीवरच्या राजघाटावर घेऊन गेले. तिथे एक सुतार पालथ्या नावेची फळी बदलत होता. सरांनी त्यालाच शिकवायला बसवलं.

"मिस्त्री, ही फळी का काढली?"

"कच्ची होती जी. कडेची पांढरी. ही बघा पक्की, आतली, लाल. हिला पाणी काही करत नाही."

"का करत नाही?"

"आता ते झाडाला विचारा मास्तर," सुतार म्हणाला. "आम्हाला फक्त ओळखता येते."

सर एवढे खूश झाले की त्याच्या शेजारी वाळूतच बसले. आम्हाला म्हणाले, "पाहा, यांनी अर्धं सांगितलं." उरलेलं अर्धं त्यांनी सांगितलं. झाडाच्या मध्याजवळच्या पेशींचं आयुष्य संपत येतं, तेव्हा त्यांच्यातले एन्झाइम साठवलेल्या साखरेपासून रंगीत, कडू फिनॉल द्रव्यं करू लागतात. ती लाकडात भरतात. मग पेशी मरतात. वाळवीला, बुरशीला ती चव सोसत नाही. खैराचा कात म्हणजे तीच द्रव्यं, सागाचा वास त्यांच्यासारख्याच दुसऱ्या द्रव्यांचा. सुतार हातातली पटाशी खाली ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे जाता जाता घराला रंग देऊन जातात." सरांनी खिशातून कागद काढून ते वाक्य टिपून घेतलं.

आता अडचण काय होती ते सांगते. आमच्या शाळेच्या विज्ञानशाखेला मंजुरी नव्हती. नव्या राज्यांची मांडणी झाली, बुऱ्हाणपूरचा कारभार नागपूरहून भोपाळला गेला, आणि मंजुरीची फाइल या दोन गावांच्या मध्ये कुठेतरी राहिली. मंजुरी नाही म्हणून प्रयोगशाळेला साहित्य नाही, आणि प्रयोगशाळा नाही म्हणून मंजुरी नाही. शिवाय सरांच्या नोकरीच्या दाखल्यावर ज्या दरबाराचा शिक्का होता तो दरबार उरला नव्हता, त्यामुळे त्यांची नेमणूकही तात्पुरतीच. मंजुरी आली नाही तर वर्ग मोडणार, आणि सर जाणार. रशीद माग धरणार होता. माझं लग्न ठरवायचं आबांनी आधीच बोलून ठेवलं होतं.

लग्नाचं कळल्यावर सर एका सुट्टीत न सांगता दापोऱ्याला आले. आदल्या आठवड्यात वादळ झालं होतं, आमच्या मळ्यातली निम्मी केळ आडवी झाली होती. आबा पडलेले खांब ओढत होते. सरांनी कोट काढून बांधावर ठेवला आणि दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून बरेच खांब ओढले. सरांचा सदरा चिकाने भरला.

"मास्तर, डाग जाणार नाही," आबा म्हणाले.

"माहीत आहे."

"मंग कायले आले एवढ्या दूर? पोरीचं सांगाले?"

"तेही आहे. पण आधी हे सांगा, तो आंबा उभा आहे आणि केळ पडली, असं का?"

"आंब्याले लाकूड आहे. केळीले कुठे आहे? नुसते सोप."

"बरोबर."

"मंग तुम्ही शिकलेले लोक," आबा पाठ सरळ करत म्हणाले, "केळीले लाकूड घाला ना."

आबांनी टोमणा मारला होता. मी मळ्यातल्या चुलीपाशी बसून ऐकत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सर खांब सोडून तिथेच उभे राहिले आणि आंब्यापर्यंत चालत जाऊन परत आले. मग म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. पण लाकूड स्वस्त नसतं. झाड आपली कमाई भिंतीत घालतं, म्हणून आंबा फळायला वर्षं घेतो. केळ ती कमाई वाचवते, म्हणून तुम्हाला एवढ्या लवकर घड मिळतो. थोडंसंच लाकूड, फक्त वारा सोसण्यापुरतं, देता येईल का, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. हे शोधायला केळीच्या मळ्यात वाढलेलंच माणूस लागेल."

आबांनी पुन्हा खांबाला हात घातला. जेवताना मात्र त्यांनी विचारलं, "परीक्षा कधी असते तुमची?" आणि सर गेल्यावर आईला म्हणाले, "मंजुरी आली तं पाहू." मंजुरी आली तर, एवढ्यावर गोष्ट येऊन थांबली. सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात नवी ओळ होती: 'केळीला थोडेसे लाकूड देता येईल काय? (प्रश्न: दापोरा)'.

पाहणीला भोपाळहून अधिकारी यायचे ठरले. दाखवायला साहित्य नव्हतंच, म्हणून सरांनी ठरवलं की जे आहे तेच दाखवायचं. शाळेत पाणी भरणाऱ्या सरूबाईंना त्यांनी सांगितलं, "दहा वाजता कच्ची केळी सोलून कापा. अर्धी कापं या बशीत नुसती ठेवा, अर्धी उकळून त्या बशीत. वर फडकं झाका." साहेब अकराला येणार, तोवर एका बशीतली काळी पडलेली, दुसरीतली पांढरी, आणि आम्ही त्यावर बोलायचं.

साहेब आले ते घाईतच. हातात फाइल आणि वर्तमानपत्र. खुर्चीवर बसले नाहीत. "लॅब किधर है?" त्यांनी विचारलं. हेडमास्तरांनी आमच्या वर्गाकडे हात केला. सरांनी दोन्ही बश्यांवरची फडकी उचलली.

दोन्हीकडे पांढरीशुभ्र कापं.

हेडमास्तरांनी रुमाल काढला. रशीदने माझ्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "तो इसमें देखना क्या है?"

सरांनी डावीकडचं एक काप उचललं, वास घेतला, खाल्लं आणि हाक मारली, "सरूबाई, ताकात घातली होती का?"

सरूबाई दारातच होत्या. "घातली तं. पहिली कापलेली पार काळी झाली. भोपाळचे सायब येणार, त्यांच्यापुढे काळी कापं मांडू? शाळेची लाज नाही का जाणार? मी ती गाईले टाकली आन् ही नवी कापून ताकात घातली, मंग पुसून ठेवली."

मला वाटलं, संपलं. सरांच्या चेहऱ्यावर मात्र राजघाटावरच्या सुतारासमोर दिसलं होतं तेच दिसायला लागलं होतं.

"नुसत्या पाण्यात घातली असती तर?"

"थोडी उशिरानं काळी पडती."

"मिठाच्या पाण्यात?"

"वांगं ठेवतो ना मिठात. चालतं. पण केळीले ताकच पाहिजे. नाहीतर लिंबू."

"आणि उकळली तर?"

"उकळल्यावर काय काळी पडणार? मेली ती."

सर साहेबांकडे वळले. हिंदी-मराठी मिसळत म्हणाले, "साहब, मेरा आधा पाठ इन्होंने पढ़ा दिया. आंबटामुळे एन्झाइम मंद होतो, उकळल्याने मरतो. आता बाकीचं मुलं सांगतील. फक्त दहा मिनिटं बसा." आणि सरूबाईंना म्हणाले, "एक केळ कापा, साहेबांसमोर. ताक नको."

"काळं पडंल," सरूबाईंनी बजावलं.

"पडू दे. थांबा. हवा लागू द्या."

साहेब बसले. आम्ही बोललो. कप्प्यांबद्दल रशीद, प्राणवायूबद्दल मी. त्याच घराण्यातले एन्झाइम झाडाच्या भिंतीत लिग्निन कसं शिवतात, हे सांगताना मी गोधडीपाशी येऊन अडले, तर साहेबच म्हणाले, "हां हां, गुदड़ी की तरह, फिर?" काप समोर तपकिरी होत होतं. ते त्याच्यावरून नजर काढत नव्हते. हळूच म्हणाले, "हमारी अम्मा नींबू डालती थीं. हम समझते थे, स्वाद के लिए."

मग सरांनी साहेबांचं वर्तमानपत्र मागितलं आणि बाटलीतला थेंब आणि वर आम्लाचा थेंब कोऱ्या कडेवर टाकला. कागद लालभडक झाला. तसेच दोन थेंब स्वतःच्या जुन्या दाखल्याच्या कोपऱ्यावर टाकले. तो हातकागद होता, चिंध्यांचा. पांढराच राहिला. "वर्तमानपत्रात लाकूड आहे, म्हणून ते पिवळं पडतं. यात नाही." साहेबांनी दाखला हातात घेतला, शिक्का पाहिला.

"मास्टरजी, जिस दरबार की मुहर है, वो दरबार तो रहा नहीं."

"दरबार नहीं रहा, साहब. पेड़ वहीं खड़े हैं."

साहेबांनी तिथेच फाइल उघडली आणि लिहायला बसले. काय लिहिलं ते आम्हाला दीड महिन्याने कळलं: साहित्य अपुरं असल्याने मंजुरी एका वर्षापुरती, आणि शिक्षक तोच असावा या अटीवर. जाताना ते सरूबाईंपुढे थांबले, हात जोडले. त्या दिवसभर सगळ्यांना विचारत राहिल्या, "मी चुकले का बरोबर केलं?" सर म्हणाले, "दोन्ही केलं."

मंजुरी पुढे दर वर्षी वाढत गेली. रशीद कॉलेजात गेला, मीही गेले, आणि आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. पुढे कागदाच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी लाकडातून लिग्निन वेगळं काढण्याचीच होती. फळ्यावरच्या त्या प्रश्नाचं, लिग्निन कोण शिवतो याचं, बरंचसं उत्तर वाचायला मिळालं तेव्हा मी सरांना पत्र टाकलं: एक नाही, अनेक. कार्डावर त्यांचं उत्तर आलं. 'छान झाले. ती ओळ पुसली. त्या जागी तीन नव्या लिहिल्या आहेत. केळीचे काय?' केळीचं उत्तर मी अजून देऊ शकलेले नाही. आता ते विचारायला सर नाहीत, पण ती ओळ मी माझ्या वहीत पहिल्या पानावर ठेवली आहे.

पत्रं होत राहिली, भेट मात्र राहूनच गेली. म्हणून सर मला शेवटचे दिसतात ते मी इंदूरला कॉलेजात निघाले त्या सकाळचे. स्टँडवर आबा माझी ट्रंक टपावर चढवत होते, मळ्यातून थेट आलेले, अंगावर केळीचे कपडे. त्या दिवशी ते कुणी लपवले नव्हते. सर, कोट खांद्यावर टाकलेला, गाडीच्या मागच्या बाजूला होते. त्या काळी गाड्यांचे सांगाडे लाकडी असत. त्यांनी पेरांनी ठोकलं, ऐकलं, पुन्हा ठोकलं. मग चाकू काढला.

"ओ मास्तर," कंडक्टर ओरडला, "गाडी कापून नेता का घरी?"

सरांनी कपचा काढून नाकाशी धरला आणि आबांकडे दिला. आबांनीही वास घेतला. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली.

"साग आहे, विमल," सर खिडकीशी येऊन म्हणाले. "आतला. बसा निश्चिंत."

गाडी सुटली. मागे वळून पाहिलं तर दोघे स्टँडवर शेजारीशेजारी उभे होते, दोघांच्याही सदऱ्यावर तपकिरी डाग, आणि तो कपचा अजून आबांच्या हातात होता.